बटाट्यांशेजारी ठेवलेलं ऊन

मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझाच घरमालक निघाला.

मंचरला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी शेठच्या दारात जाऊन उभा राहिलो. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, आणि हे पडवीत हातविणीचा तपकिरी स्वेटर घालून निवांत बसलेले. स्वेटरच्या खिशातून एक लांब थर्मामीटर डोकावत होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय शिकवता?"

मी सांगितलं.

"म्हंजे थंडी-उष्णता तुमच्याकडंच ना?"

मी म्हणालो, ते त्यातलं एक प्रकरण असतं. बाकी प्रकाश असतो, वीज असते, ध्वनी असतो...

"बाकीचं असू द्या," शेठ म्हणाले आणि आत तोंड करून त्यांनी आवाज दिला, "अगं, वरची खोली झाडून घे. थंडीचे मास्तर आलेत."

नेमणुकीच्या कागदावर मी प्राध्यापक होतो. पण तिथे राहिलो तितकी वर्षं गावात मी थंडीचा मास्तरच राहिलो. पुढेपुढे तर कॉलेजातला शिपाईही कुणी मला भेटायला आलं की "कोण, थंडीचे का?" असं विचारायचा. याचा मला फार राग यायचा, आणि राग आला की लोकांना ते नाव आणखी आवडायचं.

शेठचं कोल्ड स्टोरेज होतं, कळंबच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून. पेठच्या पठारावरचे आणि लोणीकडचे शेतकरी बियाण्याचे बटाटे तिथे आणून ठेवत. बाहेर अंगाची लाही आणि आत तीन अंश, अशा शेठच्या दिवसभराच्या येरझारा. स्वेटर काढ-घाल केल्याने माणूस आजारी पडतो असा त्यांनी सिद्धान्त काढला होता, त्यामुळे तो एकदा चढला तो चढलाच. लग्नाकार्यात बदामी रंगाचा स्वेटर, एवढाच काय तो बदल.

थर्मामीटरचं वेड त्याहून वरचं. चहा आला की आधी त्यात थर्मामीटर. "अठ्ठावन्न. थांबा जरा." पाहुण्याचा चहासुद्धा मोजूनच पाहुण्याच्या हातात पडायचा. आंघोळीचं पाणी, दही लावायचं दूध, शेजाऱ्याच्या तापलेल्या पोराचं कपाळ, सगळं शेठ मोजत. घरात थर्मामीटरं दोन होती. एक घरचं आणि एक बटाट्याचं. बटाट्याच्या थर्मामीटरला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती, कारण शेठच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, स्वयंपाकघरात जमिनीखाली पिकलेली कुठलीच वस्तू येत नसे. बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही, आणि यांच्यात खुपसलेली काचेची नळीही नाही. ज्या घराचा सगळा डोलारा बटाट्यावर उभा, त्या घरात बटाटा खात नाहीत, ही गोष्ट मला पचायला वेळ लागला. शेठना त्यात काही विशेष वाटत नसे. "माल सांभाळायचा असला तर तो न खाणारा माणूसच बरा," ते म्हणायचे.

मंडळी जैन, पणजोबा कधीतरी राजस्थानातून आलेले. आता बोलणं इतकं इथलं झालेलं की शेठ मारवाडी बोलायला लागले की काकी हसायच्या.

शेठची न्याय करायची रीतही थंडच होती. कोल्ड स्टोरेजवर भांडणं नेहमीची. कुणाची गोणी कुणाच्या थप्पीला गेली, कुणाचा माल आधी बाहेर काढला. दोघं हातघाईवर आले की शेठ शांतपणे म्हणायचे, "चला, जागेवर जाऊन बघू," आणि दोघांना तीन अंशांच्या चेंबरमध्ये नेऊन दार लावून घ्यायचे. शेठच्या अंगात स्वेटर, भांडणाऱ्यांच्या अंगात घामेजलेला सदरा. शेठ सावकाश एकेक थप्पी दाखवत, मधेच पठारावरच्या पावसाची चौकशी करत. थोड्याच वेळात एकाचे दात वाजायला लागत. एकदा लोणीचे दोन चुलतभाऊ, ज्यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, ते एकाच गोणपाटात गुंडाळून घेऊन बाहेर आलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. "मिटलं," त्यातला थोरला म्हणाला, "समदं मिटलं. च्या सांगा, शेठ."

हा उपाय फक्त एका माणसावर चालला नाही.

आता काकींबद्दल सांगायला हवं. काकी चौविहार पाळायच्या. म्हणजे दिवस मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. लग्न होऊन आल्यापासून एकही संध्याकाळ चुकलेली नव्हती. आणि काकींना साखरेचा आजार होता. सायंकाळचं इंजेक्शन घेऊन त्या उन्हातच जेवून घ्यायच्या, आणि मग अंधार पडल्यावर कधीतरी साखर अशी खाली जायची की त्यांना घाम फुटायचा, बोलणं अडखळायचं, आणि बसल्या जागी त्या कलंडायच्या. डॉक्टरांनी इंजेक्शनाची वेळ बदलून पाहिली, मात्रा बदलून पाहिली, पण साखर काही सूर्याच्या वेळापत्रकाने चालेना. शेवटी डॉक्टरांनी शेठना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की झोपण्यापूर्वी यांच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर एक दिवस या उठणार नाहीत.

काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाय उठले तर नाय."

एकदा मी स्वतः तो प्रकार पाहिला. शेठनी मला खालून हाक मारली, मी खाली आलो, तर काकी भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा पांढराफटक, आणि शेठ साखरेचं पाणी चमच्यात घेऊन समोर बसलेले. काकींचे दात घट्ट मिटलेले. शुद्ध पुरती नव्हती, पण दात मात्र घट्ट. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि शेठ म्हणत होते, "अगं, एवढंच. एवढंच घे गं." डॉक्टरांना बोलावून शिरेतून साखर द्यावी लागली. तो प्रकार बघून मी इतका घाबरलो होतो की वर जाऊन माझं जेवण मला गेलं नाही.

याच काकींना शेठ एकदा "जरा जागेवर जाऊन बोलू" म्हणून चेंबरमध्ये घेऊन गेले होते. काकींनी पदर अंगाभोवती घट्ट लपेटला, एका गोणीपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या आणि नवकार मंत्राचा जप सुरू केला. दार आतून शेठनीच ठोठावलं. त्या दिवशी त्यांना स्वेटरवर शालही लागली.

आणि शेठ स्वतः? शेठ स्वतः काही म्हणजे काही पाळत नसत. दिवस मावळला की "जनरेटर बघून येतो" म्हणून निघायचे ते थेट कळंबच्या फाट्यावरच्या भज्यांच्या गाडीवर. सोबतीला मी, कारण मास्तर बरोबर असले की माणूस कामालाच गेला असं वाटतं. गरम बटाटाभजी, तीही अंधारात, म्हणजे एका घासात दोन नेम मोडायचे. भज्यात थर्मामीटर घालायला मात्र ते विसरत नसत. घरी जाताना तोंडात बडीशेप. काकी दारातच बसलेल्या असायच्या. "झाला का जनरेटर?" एवढंच विचारायच्या आणि आत जायच्या.

नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. एका रविवारी पेपरात कोपऱ्यात बातमी आली, की अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उजेड थांबवून दाखवला. माझ्या विषयाची बातमी पेपरात वर्षातून एकदा यायची, त्यामुळे मी उत्साहाच्या भरात ती खाली पडवीत मोठ्याने वाचली. वाचली नसती तर माझे पुढचे कितीतरी रविवार सुखात गेले असते.

"थांबवला म्हंजे इझवला?" शेठनी विचारलं.

"विझवला नाही. अणूंच्या ढगात साठवून ठेवला आणि परत बाहेर काढला. ढग मात्र अतिशय गार करावा लागतो."

गार म्हटल्याबरोबर शेठनी कप खाली ठेवला. "किती गार?"

"तुमच्या तीन अंशांच्या खाली आणखी पावणेतीनशे अंश."

शेठनी खिशातलं थर्मामीटर काढून त्यावरचा सगळ्यात खालचा आकडा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "कॉम्प्रेसर कुठला वापरतात?"

"कॉम्प्रेसर नाही. लेसरने गार करतात. म्हणजे उजेडानेच."

"मास्तर, सकाळी सकाळी चेष्टा करू नका. उजेडानं माल तापतो. चेंबरमध्ये दिवा चालू राहिला तर मी हमालांना फाडून खातो."

मी समजावलं, की अणू सैरावैरा पळत असतात, आणि समोरून उजेडाचा मारा केला की त्यांचा वेग कमी होतो. समोरून पळत येणाऱ्या बैलावर भुईमुगाच्या शेंगा मारत राहिलं, तर एका शेंगेनं काही होत नाही, पण पोतंभर मारल्या की बैल थबकतो. वेग गेला की उष्णता गेली.

"पोतंभर शेंगा मारल्यावर बैल खायलाच थांबंल," शेठ म्हणाले. "बरं, पुढं."

पुढचं मी वर्गातसुद्धा कधी सांगितलं नव्हतं इतकं मन लावून सांगितलं. या ढगात उजेडाची एक चिमूट सोडायची. दुसरा एक लेसर त्या उजेडाला आत वाट मोकळी करून देत असतो. उजेड पुरता आत शिरला की दुसरा लेसर बंद करायचा. उजेड नाहीसा होतो, पण त्याचा ठसा अणूंवर उमटून राहतो. दुसरा लेसर परत लावला की त्या ठशावरून जसा आत गेला तसाच उजेड बाहेर पडतो.

"म्हंजे दार लावायचं, दार उघडायचं," शेठ म्हणाले. "आन् गार कशाला? माल खराब होतो म्हणून?"

"अणू गरम असले की इकडेतिकडे पळतात. ठसा पुसला जातो."

"बटाट्याला मोड येतो तसं."

मला कबूल करावं लागलं. त्याच आठवड्यात बारावीच्या पन्नास उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, आणि एकात इतकं समजूतदार वाक्य सापडलं नव्हतं, याचा मला आणखीनच राग आला.

"किती महिने टिकतो?"

याच प्रश्नाची मला धास्ती होती. "सेकंदाचा हजारावा भाग," मी म्हणालो. "त्याहून थोडा कमीच."

शेठनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू ते थांबवणं मलाच नीट जमलं नव्हतं. "एवढ्यात पोतं पाठीवरून खालीबी येत न्हाई," ते म्हणाले. "मग करतात कशाला?"

मी सांगितलं, की उद्या नव्या तऱ्हेचे कॉम्प्युटर येतील. त्यांचे निरोप उजेडावरून जातील, आणि त्या निरोपाची नक्कल काढताच येत नाही, असा निसर्गाचा नियम आहे. तेव्हा तो वाटेत कुठे थांबवायचा असेल तर तोच ठेवावा लागेल आणि तोच काढावा लागेल. अणूंचा ढग म्हणजे त्या निरोपाची आठवण ठेवणारी जागा.

"बरोबर हाय. बटाट्याची झेरॉक्स लावून कुठं बटाटं येतात?" शेठ म्हणाले. मग त्यांनी आत काकींकडे एकदा पाहिलं. काकी तांदूळ निवडत होत्या. शेठ खुर्ची माझ्या जवळ ओढून कुजबुजले, "मास्तर, असा सूर्याचा उजेड ठेवता येईल का? थोडाच. एका वाटीभोवती पडंल एवढा."

माझ्या ध्यानात आलं. दिवस मावळल्यावर दिवसाचाच उजेड बाहेर काढायचा, आणि त्यात काकींना दोन घास भरवायचे. मी सांगितलं की अणूंना अगदी एकच नेमका रंग लागतो, सूर्याच्या उजेडात सगळ्या रंगांची भेळ असते, ते जमायचं नाही.

"एक रंग चालंल की. वरणभाताला किती रंग लागतात?"

तेव्हापासून दर रविवारी एकच चौकशी. अमेरिकेत काय झालं? किती टिकायला लागला? जणू माझे सगळे मेहुणे तिकडे त्याच खात्यात होते. पुढे काही वर्षांनी कुणीतरी एका गार स्फटिकात उजेड सेकंदभर ठेवल्याची बातमी आली तेव्हा शेठनी कोल्ड स्टोरेजवर पेढे वाटले. पेठच्या शेतकऱ्यांना वाटलं, नातू झाला.

पण तोवर थांबायला वेळ नव्हता. काकी मधूनमधून कलंडतच होत्या, आणि दर वेळी शेठचा चेहरा थोडा जास्त ओढलेला दिसायचा.

आणि मग शेठना रेडियम सापडलं.

चेंबरच्या किल्लीला, ती अंधारात दिसावी म्हणून, रेडियमचा, म्हणजे रात्री हिरवा चमकतो तसला, गोंडा लावलेला होता. एके दिवशी किल्ली दुपारभर टेम्पोच्या बॉनेटवर उन्हात पडली, तिथून हमालाच्या खिशातून चेंबरमध्ये गेली आणि गोण्यांच्या सांदीत पडली. दिवेलागणीला सापडली. शेठनी ती गारठलेली किल्ली मुठीत धरली, मूठ उघडली, तर गोंडा नेहमीपेक्षा लख्ख. ते तसेच मोटारसायकलवर बसून माझ्याकडे आले. खोलीतला दिवा त्यांनीच मालवला.

"हे ऊनच हाय ना, मास्तर? खरं सांगा."

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण विषयच असा, की कुणी नीट प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी म्हणालो, एका अर्थी हो. उन्हाने यातले इलेक्ट्रॉन खळग्यात जाऊन बसतात. गार असलं की त्यांना वर चढवत नाही, ते बसून राहतात. ऊब मिळाली की बाहेर येतात आणि येताना उजेड देतात. मात्र हा तसाच्या तसा परत येणारा उजेड नव्हे. ठसा वगैरे काही नाही, रंगही निराळा, यात आठवण अशी काहीच...

"तोच माल न्हाई," शेठनी मला तोडलं, "पर त्याच शेतातला हाय. बास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नंबरप्लेटा रंगवणाऱ्या पेंटरकडून असतील नसतील ते रेडियमचे कागद उचलले. ते एका परातीत चिकटवले. परात भर दुपारी गच्चीवर, तिथून काळ्या फडक्यात गुंडाळून चेंबरमध्ये, लोणीच्या बटाट्यांच्या थप्पीशेजारी. हमालांना वाटलं शेठनी काहीतरी मंतरून ठेवलंय. ते जाता-येता परातीला हात जोडायला लागले, आणि एकाने तर तिच्यापुढे खडीसाखर ठेवली.

तरी शेठना शास्त्राची संमती हवी होती. माझ्या शास्त्राची नव्हे, त्यांच्या. चातुर्मास चालू होता आणि जैन स्थानकात एक वयस्कर साध्वी, महासतीजी, मुक्कामाला होत्या. मूळच्या नगरकडच्या, मराठी स्वच्छ. शेठ मला दुपारी तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "सांगा मास्तर, अमेरिकेपासून सांगा." मी तोंडावर बांधलेल्या पांढऱ्या मुहपत्तीआडच्या त्या शांत चेहऱ्यापुढे बसून अणूंचा ढग सांगितला, शेंगा सांगितल्या, किल्ली सांगितली. महासतीजींनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "आत गेलेला उजेड आणि बाहेर आलेला उजेड, एकच का?"

मी म्हणालो, "त्यावर आमच्यातही वाद घालता येतो."

"आमच्यातही," त्या म्हणाल्या. मग शेठकडे वळल्या. "रात्री जेवू नये ते जीवजंतू दिसत नाहीत, ताटात पडून मरतात म्हणून. तुमच्या परातीवर किडे आले तर त्यांना ते ऊन आहे हे कोण सांगणार? आणि आजाऱ्याला औषधापुरती सूट व्रतात आहेच. ती घ्यायला सांगा."

"ते मला ठावं हाय," शेठ म्हणाले. "तिलाबी ठावं हाय. ती म्हणती, सूट नको."

"मग अडचण उजेडाची नाही," महासतीजी म्हणाल्या, आणि पुढच्या बाईंकडे वळल्या.

एखाद्याने परात मोडीत घातली असती. शेठनी महासतीजींनी परातीला नाही म्हटलेलं नाही, असा अर्थ काढला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रयोग ठरला. शेठनी परात आइसफ्रूटवाल्याच्या पेटीतून घरी आणली. खिडक्या लावल्या, दिवे मालवले. परातीखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली, थर्मामीटर लावलं, आणि मला कुठे उभं राहायचं ते सांगितलं. काकी पाटावर बसल्या होत्या. त्या बसल्या याचंच आम्हाला आश्चर्य वाटत होतं. समोर ताटलीत मऊ वरणभात.

काळं फडकं काढलं. परात हळूहळू उजळली, आणि सगळी खोली शेवाळलेल्या विहिरीसारखी हिरवी दिसायला लागली. शेठ हिरवे, त्यांचा स्वेटर हिरवा, काकींचं कुंकू काळं. वरणभात तर बघवत नव्हता.

"आज दुपारचं ऊन हाय," शेठ म्हणाले. "बाराचं. मास्तरांना विचार."

मी मान हलवली. हिरव्या अंधारात ती दिसली का नाही कोण जाणे.

काकींनी ताटलीवर वाकून पाहिलं. "ह्यात अळी असली तरी पालकच वाटंल," त्या म्हणाल्या. मग परातीकडे पाहिलं. "हे ठेवलं कुठं व्हतं?"

शेठनी परातीखालची पिशवी उगाच सरकवली.

"बटाट्याजवळ ना?"

"शेजारी. हात बी लागला न्हाई त्यांचा."

काकींनी ताटली बाजूला सारली. मला हसू येणार होतं, ते तसंच अडकलं, कारण काकी रडत होत्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तुमी दोन वर्षं सूर्य धरायला हिंडताय," त्या म्हणाल्या. "अमेरिका झाली, पेंटर झाला, महासतीजी झाल्या. मला इचारलं का, मी का खात न्हाई म्हणून? सासूबाई पाळायच्या. त्या जाताना मला म्हणाल्या, आता तू. लेक पुण्यात हॉटेलात जेवतो. तुमी कळंबला भजी खाता, ते अख्ख्या मंचरला ठावं हाय. मी सूट घेतली तर ह्या घरात पाळणारं उरलं कोण? एकानं तरी पाळायला पायजे का नको?"

परात मंद होत चालली होती. शेठ ती बघत बसले होते. मला त्या वेळी वर निघून जायचं होतं, पण मी दाराच्या विरुद्ध बाजूला उभा होतो आणि मधे शेठ होते. शेवटी त्यांनी उठून दिवा लावला, ताटली उचलून आत नेली आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मी सवयीने चपला घालून पडवीत आलो. शेठ खुर्चीत बसून होते. "जनरेटर?" मी विचारलं.

"जनरेटर चांगला हाय," ते म्हणाले. "मी उन्हात जेवलोय."

सुरुवातीला कुणाचाच विश्वास बसला नाही. भज्यांच्या गाडीवाल्याने मला दोनदा विचारलं, शेठ आजारी हायेत का. शेठना भूक म्हणजे काय हे पन्नाशी उलटल्यावर नव्याने कळत होतं, आणि पाण्यावाचून तर त्यांचा जीव नुसता घायकुतीला यायचा. रात्री पडवीत बसून ते मला भज्यांबद्दल प्रश्न विचारायचे. आज तेल ताजं होतं का? मिरची कुठली होती? एकदा म्हणाले, "मास्तर, तुमी जाऊन खावा. थर्मामीटर घेऊन जा. आल्यावर आकडा सांगा." मी गेलो आणि आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

काकी बघत होत्या. त्यांनी शेठची परीक्षा चांगली ताणून घेतली. पेठला एका लग्नात पंगत बसायला अंधार झाला, तेव्हा शेठ बदामी स्वेटर घालून, हात मांडीवर ठेवून, शेजारच्याच्या पानातल्या जिलब्या मोजत बसले. काकींनी ते बायकांच्या पंगतीतून पाहिलं.

त्यानंतर लवकरच एका रात्री, जेवणवेळ टळून गेल्यावर, लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंग सुरूच असायचं. मी मेणबत्ती मागायला खाली आलो आणि दारातच थांबलो.

काकी पाटावर बसल्या होत्या. कपाळावर घाम होता, हात थरथरत होता, पण तो हात वाटीतून दूधभात उचलत होता. समोर शेठ उकिडवे बसले होते. एका हातात बॅटरी, वाटीच्या बरोबर वर धरलेली. दुसऱ्या हातात घडी केलेला पेपर, त्याने ते उजेडाकडे झेपावणारे किडे वाटीत पडू नयेत म्हणून अगदी हळू, त्यांना न मारता, बाजूला सारत होते. एक किडा त्यांच्या स्वेटरवर बसला, तो त्यांनी तसाच बसू दिला.

तेवढ्यात शेठच्या पोटात इतक्या जोरात गुरगुरलं की मला दारातून ऐकू आलं. काकींचा हात थांबला.

"भूक लागली?"

"लई," शेठ म्हणाले, आणि बॅटरी जरा खाली, भातावर नीट धरली. "तू खा."